रंगभूमीवरील धर्मवेड आणि ‘तारण’

बिमल रॉय यांचा ‘यहुदी’ हा हिंदी चित्रपट १९५८ साली मुंबईत निघाला. त्यातील दिलीपकुमार आणि मीनाकुमारी यांच्याइतकाच, किंबहुना काकणभर अधिकच, प्रेक्षकांच्या मनात ठसून राहिला तो सोहराब मोदींनी उभा केलेला म्हातारा जवाहिरा एझरा. रोमन अधिकाऱ्याच्या हुकुमाने त्याचा मुलगा मारला जातो, आणि त्याच अधिकाऱ्याची हरवलेली मुलगी या यहुद्याच्या घरी यहुदी म्हणून वाढते. हा चित्रपट ज्यावरून घेतला ते आगा हश्र काश्मिरी यांचे ‘यहुदी की लडकी’ हे नाटक पारशी रंगभूमीवर अतिशय गाजलेले होते. परंतु कथेचे मूळ तेथेही नाही. आगा हश्रांनी आधार घेतला तो मॉन्क्रिफ नावाच्या इंग्रज नाटककाराच्या ‘द ज्युएस’ या नाटकाचा, आणि मॉन्क्रिफने ते १८३५ साली लंडनमध्ये रचले ते त्याच वर्षी पॅरिसमध्ये रंगलेल्या एका ऑपेराच्या आधाराने. त्या ऑपेराचे नाव ‘ला झ्वीव्ह’, म्हणजे ‘यहुदी स्त्री’. संगीत फ्रोमांताल हालेव्ही याचे, संहिता यूजेन स्क्रीब याची. पहिला प्रयोग २३ फेब्रुवारी १८३५ रोजी झाला.

पॅरिसहून लंडन आणि लंडनहून मुंबई असा प्रवास करताना या कथेच्या अंगावरचे कपडे बदलले, हे साहजिकच आहे. मूळ कथेत छळ करणारे ख्रिस्ती आहेत. आपल्याकडे ते प्राचीन रोमन झाले, कारण प्राचीन रोमन लोकांच्या भावना दुखावण्याचा प्रश्नच येत नाही! मूळ कथेत शेवटी मुलगी मरते. आपल्याकडे ती वाचते. हे दोन बदल वरवर किरकोळ दिसतात. आमच्या मते या कथेचा सगळा जीवच त्या दोन जागी होता. म्हणूनच आज आम्ही मूळ ऑपेराविषयी, आणि विशेषतः तो रंगभूमीवर उभा करताना येणाऱ्या अडचणींविषयी बोलणार आहोत. अडचण थोडक्यात अशी की, हे नाटक प्रेक्षकाला धर्मवेडाच्या आगीतून नेते, चार-पाच वेळा त्याला सुटकेचे दार उघडून दाखवते, आणि प्रत्येक वेळी ते दार त्याच्या तोंडावर लावून घेते. दिग्दर्शकाला मोह असतो तो त्यांपैकी एखादे दार उघडेच ठेवण्याचा.

प्रथम ऑपेरा म्हणजे काय याविषयी दोन शब्द. आपल्या संगीत नाटकात गद्य संभाषण चाललेले असते आणि मध्येच प्रसंगानुरूप पद येते. पॅरिसच्या मुख्य ऑपेरागृहात त्या काळी गद्याला मज्जाव होता. निरोप सांगावयाचा तरी गाऊनच सांगावयाचा. पाच अंक, भव्य देखावे, मध्ये नृत्य, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाणारा जमाव. आपल्या नाटकात जमाव असला तर दोन भालदार आणि चार नागरिक यांवर भागते. येथे मात्र शे-पाऊणशे कंठ एकदम गातात, आणि तो जमाव म्हणजे नाटकातले एक स्वतंत्र पात्र असते. ‘ला झ्वीव्ह’मध्ये हे पात्र सर्वांत भयंकर आहे. ते सणासुदीला आनंदी असते, कारंज्यातून दारू वाहू लागली की अधिकच आनंदी होते, आणि त्याच आनंदाच्या भरात, त्याच चालीवर, एका म्हाताऱ्याला आणि त्याच्या मुलीला तळ्यात बुडवा म्हणून ओरडू लागते.

हालेव्ही हा स्वतः यहुदी होता. त्याचा जन्म १७९९ साली पॅरिसमध्ये झाला. त्याचे वडील जर्मनीतील फ्युर्थ गावाहून आलेले, हिब्रूचे पंडित आणि सिनेगॉगमधले गायक. फ्रान्समध्ये यहुद्यांना नागरिकत्व मिळाले ते राज्यक्रांतीच्या काळात, १७९१ साली. आणि ख्रिस्ती पाद्र्यांप्रमाणे यहुदी धर्मगुरूंनाही सरकारी तिजोरीतून वेतन देण्याचा कायदा झाला १८३१ साली, म्हणजे या ऑपेराच्या अवघी चार वर्षे आधी. तेव्हा १८३५ सालच्या पॅरिसकराला धर्मवेड ही आपल्या आजोबांची गोष्ट वाटत होती. साठ वर्षांनी त्याच शहरात कॅप्टन ड्रेफस या यहुदी अधिकाऱ्याविरुद्ध जमाव रस्त्यावर उतरावयाचा होता, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. संगीतकाराचा भाऊ लेआँ हालेव्ही याने लिहून ठेवले आहे की, स्क्रीबने हे कथानक प्रथम योजले तेव्हा त्याचे स्थळ युरोपात नव्हतेच. ते होते आपले गोवे! पोर्तुगीज इन्क्विझिशनचे गोवे. फ्रेंच लेखकाला गोवे सुचावे यात तसे नवल नाही. देलाँ नावाच्या एका फ्रेंच वैद्याला दमण येथे पकडून गोव्याच्या तुरुंगात डांबले होते. सुटून मायदेशी गेल्यावर त्याने १६८७ साली आपली हकीकत छापली आणि ती युरोपभर वाचली गेली. मेणबत्त्या हाती देऊन, चित्रविचित्र झगे घालून आरोपींची काढलेली मिरवणूक आणि मग जाहीर शिक्षा, हे सारे फ्रेंच वाचकाला तेव्हापासून ठाऊक होते. रंगभूमीला याहून अधिक काय हवे?

गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना १५६० साली झाली आणि मध्ये चार वर्षांचा खंड पडून ते १८१२ पर्यंत चालले. पुढे त्याची मुख्य झळ बाटलेल्या हिंदूंना लागली. परंतु आरंभी त्याचा रोख होता तो पोर्तुगालहून आलेल्या, नावाने ख्रिस्ती झालेल्या यहुद्यांवर. गार्सिया द ओर्ता याचे उदाहरण पाहा. हा मोठा वैद्य १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचे येणेजाणे होते. हिंदुस्थानातील औषधींवरील त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. तो १५६८ साली मरण पावला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला, गुप्तपणे यहुदी धर्म पाळते म्हणून, गोव्यात जिवंत जाळण्यात आले. आणि १५८० साली खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळली गेली. मेलेल्या माणसाचे तारण करण्याची ही तऱ्हा स्क्रीबलाही सुचली नसती.

तथापि पुढे स्क्रीबने स्थळ बदलले आणि कथा १४१४ सालच्या कॉन्स्टन्स शहरात नेली. आल्प्सच्या उत्तरेला एका मोठ्या सरोवराच्या काठी वसलेल्या या गावी त्या वर्षी ख्रिस्ती धर्मपंडितांची महापरिषद भरली. याच परिषदेने बोहेमियाचा सुधारक यान हुस याला ६ जुलै १४१५ रोजी जाळले. ऑपेराच्या आरंभी मात्र हुसच्या अनुयायांवर मिळविलेला विजय साजरा होत असतो. म्हणजे हुस जळण्यापूर्वीच त्याचे अनुयायी हरलेले! खरे युद्ध १४२० पासून पुढचे. नाटककाराने इतिहासाला थोडे मागेपुढे ढकलले तर आम्ही त्याबद्दल भांडत नाही. स्थळ बदलल्याने एक मोठा लाभ झाला. गोव्यातील इन्क्विझिशन हे एक न्यायालय होते, त्याला अधिकारी होते, दफ्तर होते. कॉन्स्टन्सच्या चौकात छळ करणारा कोणी एक अधिकारी नाही. सगळे गाव आहे.

कथा अशी. चर्चमध्ये स्तुतिगीत चालू आहे, ऑर्गनचे सूर बाहेर येत आहेत. सणाचा दिवस, काम बंद. तेवढ्यात चौकातल्या एका दुकानातून हातोडीचे ठोके ऐकू येतात. एलेआझार नावाचा यहुदी सोनार आज काम करीत आहे. त्याचा सण आज नाही, मग त्याने काम का थांबवावे? पहिल्या पाच मिनिटांत, एका बाजूला ऑर्गन आणि दुसऱ्या बाजूला हातोडी, एवढ्यावर नाटकाचे सारे भांडण उभे राहते. या एलेआझारचे मुलगे त्याच्या डोळ्यांदेखत ख्रिश्चनांनी जाळलेले आहेत. राशेल ही मुलगी तेवढी जवळ आहे. तिचे प्रेम सॅम्युएल नावाच्या एका तरुण यहुदी चित्रकारावर आहे. आणि हा सॅम्युएल म्हणजे वस्तुतः हुसपंथीयांना हरवून आलेला राजपुत्र लेओपोल्ड, ख्रिस्ती आणि विवाहित. शहरात आलेले कार्डिनल ब्रोन्यी हे पूर्वी रोममध्ये न्यायाधीश होते. तेव्हा त्यांनी एलेआझारला हद्दपार केले होते. पुढे रोमवर हल्ला झाला, त्यांचे घर जळाले, पत्नी आणि तान्ही मुलगी गेली, आणि त्या दुःखाने त्यांनी धर्मदीक्षा घेतली.

दुसऱ्या अंकात एलेआझारच्या घरी वल्हांडण सणाचे भोजन चालले आहे. आपल्या कोकणातील बेने इस्राएल मंडळींमुळे या सणाची आणि त्यातील बेखमीर भाकरीची ओळख आपल्यापैकी काहींना असेल. म्हातारा भाकरी मोडून सर्वांना वाटतो, गातो, मंडळी साथ करतात. हालेव्हीने येथे वाद्यवृंद जवळजवळ गप्प बसवला आहे. सॅम्युएल आपल्या वाट्याचा तुकडा हळूच टाकून देतो आणि ते राशेल पाहते. दाराबाहेर थाप पडते, दिवे झाकले जातात, सगळे थिजतात. दारात उभी असते राजपुत्राची पत्नी यूदोक्सी, नवऱ्यासाठी रत्नहार विकत घ्यावयास आलेली.

याच जागी दिग्दर्शकापुढे पहिली पंचाईत येते. ख्रिस्ती बाईचे सोने आता आपल्या पेटीत पडणार, म्हणून एलेआझार स्वतःशी आनंदाने गातो. हा तोच लोभी यहुदी, युरोपच्या नाटकांनी शतकानुशतके हिणविलेला. ही ओळ ठेवावी की कापावी? कापली तर म्हातारा संत होतो. ठेवली तर प्रेक्षागृहातल्या कोणा द्वेष्ट्याला टाळी वाजवावयास जागा मिळते. आमचे मत ठेवावी असेच आहे, परंतु त्याआधीची ती झाकलेल्या दिव्यांची मिनिटे नीट बसवावी. ज्याच्या दारावरची प्रत्येक थाप मृत्यूची असू शकते, त्याला थाप गिऱ्हाइकाची निघाल्यावर झालेला आनंद निव्वळ पैशाचा नसतो.

मधला भाग आम्ही थोडक्यात सांगतो, कारण तो नाट्यदृष्ट्या ठरीव आहे. लेओपोल्डचे बिंग फुटते; राशेल भर मेजवानीत उभी राहून या राजपुत्राचा यहुदी स्त्रीशी संबंध आहे असे जाहीर करते, आणि ती स्त्री मीच, असेही सांगते. अशा संबंधाला शिक्षा मृत्यूची. ब्रोन्यी शाप उच्चारतात. तिघे तुरुंगात जातात. चौथ्या अंकात यूदोक्सीच्या विनवणीवरून राशेल राजपुत्राला निर्दोष ठरविण्याचे कबूल करते. प्रेम केलेल्या माणसासाठी नव्हे, त्याच्या बायकोच्या अश्रूंसाठी. पुरुषांनी धर्मावरून एकमेकांचे गळे धरलेले असताना दोन स्त्रियांनी दहा मिनिटांत एकमेकींना ओळखले, एवढी ही एकच जागा.

आणि आता आपण गाभ्याशी आलो. ब्रोन्यी एलेआझारकडे येतात. हे गृहस्थ दुष्ट नाहीत, हे लक्षात ठेवले पाहिजे. पहिल्या अंकात त्यांनीच जमावाला आवरले, क्षमा केली, क्षमा मागितलीही. मंद्र सप्तकात उतरणारा त्यांचा भारदस्त आवाज हा करुणेचाच आवाज आहे. ते म्हणतात, धर्म सोड म्हणजे तुझी मुलगी वाचेल. त्यांच्या दृष्टीने ते म्हाताऱ्याला तारण देऊ करीत आहेत, देहाचे आणि आत्म्याचेही.

मराठीत ‘तारण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या मराठीत तारण म्हणजे पापापासून सुटका. पेढीवर तारण म्हणजे कर्जापोटी ठेवून घेतलेली वस्तू. ब्रोन्यी पहिल्या अर्थाने बोलत असतात आणि एलेआझार सोनार त्यांना दुसऱ्या अर्थाने उत्तर देतो. तो सांगतो: तुमचे घर जळाले त्या दिवशी एका यहुद्याने तुमची मुलगी आगीतून बाहेर काढली. ती जिवंत आहे. कोठे आहे ते मी जाणतो, आणि ते गुपित मी बरोबर घेऊन जाणार. कार्डिनल त्याच्या पायांशी येतात. ही मुलगी म्हणजे राशेलच, हे आतापर्यंत प्रेक्षकाने ओळखलेले असते. वीस वर्षे प्रेमाने वाढविलेली मुलगी एका क्षणात म्हाताऱ्याच्या हातातले तारण झाली आहे.

ब्रोन्यी जातात आणि एलेआझार एकटा उरतो. येथे मूळ योजनेप्रमाणे अनेक पात्रांचे समूहगान व्हावयाचे होते. एलेआझारची भूमिका करणारा आदॉल्फ नूरी याने संगीतकाराचे मन वळविले की, येथे एकट्याचेच गाणे हवे, आणि त्या गाण्याचे शब्दही नूरीनेच लिहिले. मुळात ही भूमिका मंद्र आवाजाच्या गायकासाठी योजली होती. ऑपेरातले बाप त्या आवाजातच गात असत. उंच, तरुण आवाजाच्या नूरीकडे ती गेली, आणि म्हाताऱ्याच्या तोंडी प्रियकराचा आवाज आला. दोन कॉर आंग्ले, म्हणजे ओबोपेक्षा खालच्या स्वरात बोलणारी, किंचित नाकातून येणाऱ्या खिन्न नादाची वाद्ये, प्रथम सुरावट सांगतात. मग तो गातो. देवाने हे मूल माझ्या हाती दिले, मी तिच्या सुखासाठी जगलो, आणि आता मीच तिला मारेकऱ्याच्या स्वाधीन करतो आहे, असा त्याचा आशय आहे. हे गाणे साऱ्या जगात प्रसिद्ध आहे. मैफलीत ते स्वतंत्र गायिले जाते आणि टाळ्या घेऊन संपते.

नाटकात मात्र ते तेथे संपत नाही. गाण्याच्या शेवटी एलेआझार विरघळतो. सूड सोडला, राशेल मरणार नाही, असे तो ठरवतो. साऱ्या पाच अंकांत खरे तारण कोठे असेल तर ते या अर्ध्या मिनिटात आहे. कोणी पाणी शिंपडलेले नाही, कोणी धर्म बदललेला नाही, एका माणसाने आपला द्वेष खाली ठेवला एवढेच. आणि त्याच क्षणी तुरुंगाच्या भिंतीबाहेरून जमावाची आरोळी येते: यहुद्यांना जाळा. ती ऐकताच म्हातारा पुन्हा दगड होतो. आता तो दुसरे गाणे गातो, जलद लयीचे, चढत्या स्वरांचे, हौतात्म्याच्या धुंदीचे. मुलीला तो देवाला अर्पण करून टाकतो. ती कोणाची आहे, तिला काय हवे आहे, हे न विचारता.

हे दुसरे गाणे बहुतेक प्रयोगांत कापले जात असे. कारणे व्यवहाराची आहेत. संपूर्ण संगीत गाइले तर मध्यंतरे धरून पाच तासांच्या घरात जाते. शिवाय हे गाणे गळा फोडणारे आहे, आणि पहिल्या गाण्याला टाळ्या पडून गेल्यावर गायकाला पुन्हा धोका पत्करावासा वाटत नाही. परंतु ते कापले म्हणजे काय होते पाहा. विरघळलेला बाप रडत निघून जातो आणि पुढच्या अंकात तोच बाप मुलीला मृत्यूकडे नेतो. मध्ये काय घडले? कोणास कळत नाही. भिंतीबाहेरची ती आरोळी गेली की, जमावाचे धर्मवेड म्हाताऱ्याच्या धर्मवेडाला कसे जन्म देते, हा नाटकाचा सांधाच निखळतो. आमचा सारा आग्रह काय तो या तीन मिनिटांसाठी आहे. बाकी वाटेल ते कापा. तिसऱ्या अंकातील नृत्य कापा, सम्राटाची मिरवणूक कापा.

मिरवणुकीचे नाव निघाले म्हणून सांगतो, १८३५ सालच्या पॅरिसकराला तीच पाहावयाची होती. पहिल्या अंकाच्या शेवटी सम्राट सिगिस्मुंडची स्वारी रंगमंचावरून जाई. खरे घोडे, आणि पुठ्ठ्याऐवजी खऱ्या धातूची चिलखते. खर्च दीड लाख फ्रँकांच्या आसपास गेला असे सांगतात. काही टीकाकारांनी हा ऑपेरा आहे की सर्कस, असा चिमटाही काढला. नाटक गाजले ते प्रथम घोड्यांमुळे, आणि टिकले ते कॉर्नेली फाल्काँ या गायिकेच्या राशेलमुळे आणि नूरीमुळे. १८७५ साली पॅरिसचे नवे ऑपेरागृह उघडले तेव्हा उद्घाटनाच्या कार्यक्रमात याच ऑपेराचा भाग होता. एन्रीको कारूसो या थोर इटालियन गायकाने रंगमंचावर गायिलेली शेवटची भूमिका एलेआझारचीच. न्यूयॉर्क, २४ डिसेंबर १९२०. त्यानंतर अभिरुची बदलली, एवढे मोठे प्रयोग परवडेनासे झाले, आणि नाझी जर्मनीत तर यहुदी संगीतकाराचे यहुदी नायकाचे नाटक होणे शक्यच नव्हते. पॅरिसच्या ऑपेरात १९३० च्या दशकात त्यावर पडदा पडला तो २००७ पर्यंत वर गेला नाही.

पुनरुज्जीवन झाले ते व्हिएन्नात, १९९९ साली, गुंटर क्रेमर यांच्या दिग्दर्शनाखाली. त्याच प्रयोगाच्या पुढे झालेल्या चित्रमुद्रणावरून आम्ही बोलत आहोत. वर एक उतरता, लख्ख पांढरा मंच. त्यावर आल्प्समधील खेडुतांच्या सणाच्या पोशाखातले ख्रिस्ती नागरिक. खाली अंधार; त्यात एलेआझार आणि त्याचे लोक. घोडे नाहीत, चिलखते नाहीत, पंधरावे शतक नाही. एलेआझार झालेले नील शिकॉफ हे स्वतः सिनेगॉगमधील गायकाचे पुत्र होते, जसा हालेव्ही होता. ऑस्ट्रियातल्या प्रेक्षकाला त्या पोशाखात आपले आजी-आजोबा दिसले असतील, यात शंका नाही. हा वार नेमका बसला. तरीही आमची एक तक्रार आहे. पांढरे वर आणि काळे खाली, असे एकदा ठरले म्हणजे ब्रोन्यींच्या करुणेला आणि म्हाताऱ्याच्या क्रौर्याला उभे राहावयास जागा उरत नाही.

२००७ साली झुरिकमध्ये डेव्हिड पाउंटनी यांनी कथा ड्रेफस प्रकरणाच्या काळातील फ्रान्समध्ये नेली. ही कल्पना आम्हांस पटते, कारण हालेव्हीच्या प्रेक्षकांची नातवंडेच त्यात जमाव म्हणून उभी राहतात. पेटर कॉन्विट्शनी यांनी २०१५ साली बेल्जममध्ये केलेला प्रयोग याहून धाडसी होता. त्यांनी धर्मांची ओळख पोशाखातून काढूनच टाकली; एका गटाचे हात निळे, दुसऱ्याचे पिवळे. बाकी माणसे सारखी. कोणता रंग कोणाचा हे प्रेक्षकाला लक्षात ठेवावे लागते आणि लक्षात ठेवता ठेवता आपण काय करीत आहो याची त्याला लाज वाटू लागते. रंगभूमीवर याहून स्वस्त आणि याहून परिणामकारक साधन आम्हांला ठाऊक नाही. दीड लाख फ्रँकांच्या चिलखतांना दोन रंगांच्या डब्यांनी उत्तर दिले!

आता अखेरचा अंक. तो लहान आहे. तेथे कात्री चालवावयास फारसे काही नाही. लेओपोल्डला हद्दपारी, बाप-लेकींना मृत्यू. आपल्याकडे गुऱ्हाळात उसाचा रस उकळावयास जी काहील असते तसल्या, पण काशाच्या प्रचंड काहिलीत त्यांना टाकावयाचे आहे. काहील खरी दाखवली तर प्रेक्षक वाफेकडे पाहत बसतो; म्हणून हल्ली बहुधा प्रकाशावर किंवा ज्वाळेवर भागवतात, आणि ते योग्यच आहे. पाहावयाचे असते ते एलेआझारकडे. शेवटच्या क्षणी तो राशेलला विचारतो, तुला जगावयाचे आहे काय? कोणत्या अटीवर, असे ती विचारते. बाप्तिस्म्याच्या, असे तो सांगतो. ती नाकारते आणि स्वतः पुढे होते. उदात्त प्रसंग आहे, प्रेक्षक भारावतात. परंतु भारावलेल्या प्रेक्षकाला एक गोष्ट दाखविणे हे दिग्दर्शकाचे काम आहे: म्हाताऱ्याने अर्धेच विचारले. तू जन्माने कोणाची, हे त्याने तिला सांगितलेच नाही. तिने धर्मासाठी प्राण दिला खरा, पण तो कागदपत्रे न दाखवता घेतलेल्या सहीसारखा आहे. नूरीसारखा नट असेल तर तो हा प्रश्न विचारण्यापूर्वी थांबेल, तोंड उघडेल, आणि मग दुसरेच बोलेल.

मुंबईच्या चित्रपटात मुलगी वाचते आणि कारुण्याचा ताण सुटतो. घराघरांतून येणाऱ्या प्रेक्षकाला आपण काहीतरी सोडविल्यासारखे वाटते. सोहराब मोदींचा अभिनय आठवून आम्ही त्याविषयी कठोर बोलणार नाही. स्क्रीबने मात्र ही सवलत कोणालाही दिली नाही. राशेल काहिलीच्या काठावर उभी असताना ब्रोन्यी शेवटचे विचारतात की, माझी मुलगी अजून जिवंत आहे काय. एलेआझार होय म्हणतो. कोठे, असे ब्रोन्यी विचारतात, आणि त्याच क्षणी राशेल आत फेकली जाते. एलेआझार तिकडे बोट दाखवतो.

पुढे संहितेत दोन सूचना आहेत. ब्रोन्यी गुडघ्यांवर कोसळून हातांनी तोंड झाकतात. एलेआझार त्यांच्याकडे विजयाने पाहतो आणि स्थिर पावलांनी वधस्थानाकडे चालू लागतो. ही विजयाची नजर कशी करावयाची याबद्दल नटांत एकमत नाही. काही जण ती पाहणे टाळून सरळ पायऱ्या चढतात, काही जण बोट तसेच धरून ठेवतात. मागे सगळे कॉन्स्टन्स गाव गात असते, पहिल्या अंकाइतक्याच आनंदाने.